संधिवात : दुखणं थांबलं, पण दाह थांबला का?

उंबरठा (धागाकर्ती)

संधिवाताच्या चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : दुखणं कशाने कमी होईल? प्रश्न रास्तच आहे. पण दुखणं आणि दाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखणं आपण गोळीने दाबू शकतो, दाह मात्र खाली चालूच राहतो आणि सांध्यापुरता राहत नाही. त्यावर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

आधी शब्द नीट करून घेऊ. संधिवात हे शंभराहून जास्त आजारांचं सामायिक नाव आहे. इथे मुख्यतः तीन येतील : आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड किंवा नुसतं 'आरए' म्हणतात तो; सांध्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस; आणि युरिक अ‍ॅसिडचा गाऊट.

आमवात आणि झीज यांत फरक ओळखायला दोन खुणा उपयोगी पडतात. एक म्हणजे सकाळचा ताठरपणा. झिजेत तो फार तर अर्धा तास टिकतो. आमवातात तासभर किंवा त्याहून जास्त, आणि हालचाल केली की सुटत जातो. दुसरी खूण हातावर दिसते. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी उंचवटे येतात आणि त्यांच्यामध्ये खळगे दिसतात. आमवाताच्या सुजेत हे खळगे भरून येतात. तिथे बोटाने दाबलं तर हाडासारखं टणक लागत नाही, ओल्या स्पंजासारखं दबतं. झिजेच्या गाठी टणक असतात आणि बहुतेकदा नखाजवळच्या सांध्यावर येतात.

आत काय होतं? निरोगी सांध्याचं अस्तर एक-दोन पेशींच्या जाडीचं असतं. आमवातात ते फुगतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ते कूर्चेवर (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर) चढून हाड कुरतडू लागतं. या अस्तरात टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ अशी दाह पसरवणारी रसायनं तयार होतात आणि रक्तात उतरतात. इंटरल्यूकिन-६ यकृताला सीआरपी (रक्तात दाह दाखवणारं प्रथिन) बनवायला लावतं. तेच यकृतातलं हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरकही वाढवतं. त्यामुळे शरीरात लोह असूनही वापरता येत नाही आणि रक्त कमी होतं. स्नायू झडतात, हाडं विरळ होतात आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. थकवा म्हणून जो सांगितला जातो तो यातूनच येतो, मनाचा कमकुवतपणा नव्हे.

चौकट

चांगला धागा. तपासण्यांबद्दल भर घालतो, कारण रिपोर्ट चुकीचा वाचला जाण्याचं प्रमाण फार आहे.

सीआरपीचं एकक आधी बघा. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. लिटरमध्ये १२ म्हणजे डेसिलिटरमध्ये १.२. प्रयोगशाळा बदलली की "सीआरपी बारावरून सव्वावर आला" असा खोटा आनंद होतो.

ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, हीही दाहाची खूण) वयाने वाढतो, रक्त कमी असलं की वाढतो, गरोदरपणात वाढतो. ढोबळ वरची मर्यादा : पुरुषांत वय भागिले दोन, स्त्रियांत वयात दहा मिळवून भागिले दोन. म्हणजे ६० वर्षांच्या स्त्रीचा ३५ आला तर घाबरायचं कारण नाही. दाह शमला की सीआरपी काही दिवसांत उतरतो, ईएसआरला आठवडे लागतात. त्यामुळे औषध लागू पडतंय का हे लवकर कळायला सीआरपी बरा.

आणखी एक. 'हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी' ही हृदयाच्या जोखमीसाठीची तपासणी आहे. तिथे १ ते ३ मिलिग्रॅम प्रति लिटर इतक्या बारीक फरकाला अर्थ असतो. सांधे सुजलेले असताना ती करून हृदयाचा अंदाज बांधू नये, आकडा सांध्यांमुळेच वर गेलेला असतो.

पाणकणीस

आणि उलट बाजू : सीआरपी, ईएसआर दोन्ही नॉर्मल असूनही आमवात जोरात असू शकतो. असे रुग्ण बरेच असतात. म्हणून सांधे हाताने मोजावेच लागतात. ठरलेले २८ सांधे आहेत : दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, बोटांच्या मुळाचे दहा, बोटांच्या मधल्या पेरांचे दहा (अंगठ्याचा धरून) आणि दोन गुडघे. किती दुखतात आणि किती सुजलेत हे वेगवेगळं मोजायचं. त्यात रुग्णाने आणि डॉक्टरने प्रत्येकी ० ते १० मध्ये दिलेले गुण मिळवले की सीडीएआय, म्हणजे आजाराच्या जोराचा आकडा, निघतो. २.८ किंवा खाली म्हणजे आजार शांत, १० पर्यंत सौम्य, २२ च्या वर तीव्र. रक्ततपासणी लागतच नाही.

पावलं या २८ मध्ये नाहीत हे लक्षात ठेवा. पायाच्या बोटांच्या मुळाशी तळव्यात दुखत असेल, खडा टोचल्यासारखं वाटत असेल तर आपण होऊन सांगायला हवं, नाहीतर ते कुणी विचारत नाही.

उपचाराचा नियमही या मोजणीवरच चालतो. आजार जोरात असताना दर एक ते तीन महिन्यांनी मोजायचं. तीन महिन्यांत सुधारणा नाही किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठलं नाही तर औषध बदलायचं. "थोडं बरं आहे, चालू द्या" यात हाड कुरतडलं जातं, आणि ते परत भरून येत नाही.

गोफण

हृदयाचं कुणी बोललं नाही अजून. आमवातात हृदयविकाराची जोखीम साधारण दीडपट धरतात. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे युलारची, सूचना अशी आहे की हृदयविकाराच्या नेहमीच्या कॅल्क्युलेटरने दहा वर्षांची जोखीम काढा आणि १.५ ने गुणा. कॅल्क्युलेटर ६ टक्के दाखवत असेल तर ९ धरा. फक्त तुमचा कॅल्क्युलेटर आमवाताचा प्रश्न आधीच विचारत असेल, उदाहरणार्थ क्यूरिस्क-३, तर पुन्हा गुणू नका.

यात मोठा चकवा कोलेस्टेरॉलचा. दाह जोरात असताना एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) खाली जातं. रिपोर्ट छान दिसतो, आणि धोका मात्र जास्त असतो. एचडीएलही (चांगलं कोलेस्टेरॉल) घटतं आणि जे उरतं ते आपलं काम नीट करत नाही. मग औषध लागू पडतं, दाह उतरतो आणि एलडीएल वर येतं. रुग्णाला वाटतं औषधाने कोलेस्टेरॉल वाढवलं, आणि ते बंद केलं जातं. तसं करू नये. आजार शांत झाल्यावरचं कोलेस्टेरॉल खरं मानायचं आणि गरज असेल तर त्यावर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घ्यायचं. टोसिलिझुमॅब किंवा टोफासिटिनिब यांपैकी आमवाताचं एखादं औषध सुरू केलं असेल तर चार ते आठ आठवड्यांनी लिपिड पुन्हा तपासतात.

रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजा. वेदनाशामकं, स्टिरॉइड आणि आमवाताचं लेफ्लुनोमाइड तिन्ही तो वाढवतात.

शमीवृक्ष

गोफण, तुमच्या प्रतिसादातून कुणी असा अर्थ काढेल की दाह कमी करणारं काहीही घेतलं की हृदय वाचतं. तसं नाही. याची तपासणी झालेली आहे.

२०१७ साली कॅन्टोस नावाच्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांवर कॅनाकिनुमॅब वापरलं. ते फक्त इंटरल्यूकिन-१ बीटा अडवतं, कोलेस्टेरॉलला हात लावत नाही. तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने पुढचे हृदयविकार सुमारे १५ टक्क्यांनी घटले. दाह हे स्वतंत्र कारण आहे याचा हा पक्का पुरावा. पण जीवघेणे जंतुसंसर्गही त्यात वाढले.

मग सर्ट नावाच्या अभ्यासात कमी मात्रेचं मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताचं मुख्य औषध, दिलं. हे लोक हृदयरोगी होते आणि त्यांना मधुमेह किंवा त्याच्या वाटेवरचा चयापचयाचा बिघाड होता, आमवात नव्हे. काहीच फायदा झाला नाही. त्यांचा सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ कमीसुद्धा झालं नाही. याचा अर्थ आमवातात मेथोट्रेक्सेट निरुपयोगी असा नाही. कोणता दाह, कुणाच्या शरीरात आणि कोणत्या वाटेने चाललाय, यावर औषधाचं काम ठरतं.

वेदनाशामकं तर 'दाहशामक' म्हणवली जाऊनही हृदयाच्या विरुद्ध जातात. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ मध्ये याच कारणाने बाजारातून काढलं. डायक्लोफेनॅक हृदयविकार, हार्ट फेल्युअर किंवा पक्षाघात झालेल्यांना देऊ नये असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये ठरवलं. नॅप्रोक्सेन हृदयाच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरं, पण पोटात रक्तस्राव करतं, म्हणून सोबत आम्ल कमी करणारी गोळी लागते. हृदयासाठी साधी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आयबुप्रोफेन तिच्या आधी घेऊ नये, ते अ‍ॅस्पिरिनची जागा अडवून बसतं. अ‍ॅस्पिरिननंतर निदान अर्धा तास थांबावं.

आणि रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातली गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक या तीन एकत्र आल्या की मूत्रपिंड अडचणीत येतं. उलट्या-जुलाब होत असतील तर फार लवकर.

औषधवही

मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर हे शांतपणे वाचा. या औषधाच्या चुकीच्या वापराने होणाऱ्या मृत्यूंमागे नेहमी दिसणारी चूक एकच : आठवड्याची गोळी रोज घेतली जाते.

गोळ्या २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या असतात आणि बऱ्याचदा दोन्ही पिवळ्या, लहान. समजा १५ मिलिग्रॅम लिहिलंय आणि रुग्णाला अडीचच्या सहा गोळ्यांची सवय आहे. एका महिन्यात दुकानातून १० च्या गोळ्या आल्या आणि सवयीने सहा घेतल्या, तर ६० मिलिग्रॅम पोटात गेलं. म्हणून घरात एकाच ताकदीची गोळी ठेवा. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढंच नको, वाराचं नाव हवं : 'फक्त रविवारी'. रोजच्या गोळ्यांच्या डबीत ही गोळी भरू नका. एखादा रविवार चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येते. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडा, पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

मात्रा साधारण ७.५ ते १५ पासून सुरू करून २० ते २५ पर्यंत नेतात. १५ च्या वर पोट सहन करत नसेल तर त्वचेखालचं इंजेक्शन बरं पडतं, शोषणही चांगलं होतं. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, मेथोट्रेक्सेटच्या दिवशी सोडून. तोंड येणं आणि मळमळ त्याने कमी होते. रक्तगणना, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, तीन महिन्यांनंतर आठ ते बारा आठवड्यांनी.

तोंडात फोड, ताप, अंगावर काळेनिळे डाग, किंवा नवीन कोरडा खोकला आणि धाप : यांपैकी काहीही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर. जास्त मात्रा गेली असेल तर उतारा फॉलिनिक अ‍ॅसिडचा असतो. नाव सारखं वाटलं तरी घरातलं फॉलिक अ‍ॅसिड त्याची जागा घेत नाही.

लघवीच्या संसर्गासाठी कोट्रायमोक्झाझोल किंवा ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर तिथेच सांगा की मेथोट्रेक्सेट चालू आहे. दोन्ही मिळून अस्थिमज्जा बंद पाडतात. मूल हवं असेल तर स्त्रियांनी मेथोट्रेक्सेट आधीच थांबवावं लागतं, त्याचं वेळापत्रक डॉक्टरांबरोबर ठरवा.

गोफण

शमीवृक्ष, दुरुस्ती मान्य. माझं वाक्य सैल होतं. औषधवही, वाराचं नाव लिहिण्याचा मुद्दा सगळ्यांनी उतरवून घ्यावा असा आहे.

तिसरा_प्रहर

स्टिरॉइडबद्दल. ते दोन्ही टोकांना चुकतं : कुणी भीतीने अजिबात घेत नाही, कुणी वर्षानुवर्षं सोडत नाही. मुख्य औषध (मेथोट्रेक्सेटसारखं) लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढ्या काळाचा पूल म्हणून स्टिरॉइड उत्तम आहे. तीन महिन्यांत ते उतरवून बंद व्हावं असा प्रयत्न हवा. बंद करताच येत नसेल तर मुख्य औषध अपुरं आहे असं समजायचं.

नावं बदलली की लोक फसतात. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डेफ्लाझाकोर्ट ६, डेक्सामेथासोन ०.७५. 'फक्त पाऊण मिलिग्रॅमची बारीक गोळी' म्हणून डेक्सामेथासोन निरुपद्रवी वाटतं, पण ती ५ ची प्रेडनिसोलोनच आहे. नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत सांधे मोकळे झाले तर त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यायलाच हवा.

तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर एकदम थांबवायचं नाही. शरीरातलं स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचं काम थांबवलेलं असतं. उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं हे त्यातून होतं, आणि ताप किंवा शस्त्रक्रिया आली तर जीवावर बेततं.

हाडांचं नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होतं. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिने चालणार असेल तर हाडांचा विचार पहिल्या चिठ्ठीतच व्हायला हवा : आहार धरून कॅल्शियम १००० ते १२०० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व, आणि चाळिशीच्या पुढे सहा महिन्यांच्या आत डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी).

पाणकणीस

बाकी अवयव थोडक्यात. फुप्फुसं : टिकून राहिलेला कोरडा खोकला आणि जिना चढताना नवीन धाप, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या आमवाताच्या रुग्णात, म्हणजे एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) करण्याची वेळ. डोळे : कोरडेपणा नेहमीचा, पण डोळा लाल आणि आतून ठणकत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. आमवाताचं हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे औषध चालू असेल तर मात्रा वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत, पहिल्या वर्षात एकदा दृष्टिपटल तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मान : जुन्या आमवातात पहिले दोन मणके सैल होतात. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला सांगा, मान वाकवलेला एक्स-रे लागतो. मान कुणाकडूनही मोडून घेऊ नका.

हिरड्यांकडे लक्ष द्या. हिरड्यांचा जुनाट आजार आणि आमवात यांचा संबंध आहे. तोंडातला एक जीवाणू प्रथिनांत तेच रासायनिक बदल घडवतो ज्यांच्याविरुद्ध अँटी-सीसीपी हे आमवाताचं प्रतिपिंड तयार होतं. धूम्रपानाने फुप्फुसात तसंच घडतं. अँटी-सीसीपी सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात असू शकतं. धूम्रपानाने आजार होण्याची शक्यता वाढते, औषधंही कमी लागू पडतात आणि हृदयाचा धोका आणखी वर चढतो. एकच गोष्ट बदलायची असेल तर ही.

वळणवाट

झिजेकडे वळते. 'वय झालं, झीज झाली, आता काय' हे चूक आहे. झिजेतही मंद दाह असतो आणि चरबीच्या पेशी त्याला खतपाणी घालतात, म्हणूनच वजन न पेलणाऱ्या हाताच्या सांध्यांतही स्थूल लोकांना झीज जास्त दिसते. गुडघ्यावर तर सरळ यांत्रिक हिशोब आहे : एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. २०१३ च्या एका मोठ्या चाचणीत आहार आणि व्यायाम मिळून वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलेल्यांचं दुखणं कमी झालं आणि रक्तातलं इंटरल्यूकिन-६ सुद्धा नुसत्या व्यायामापेक्षा जास्त घटलं.

व्यायाम सुरू करायचा तर असा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबा, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट होऊ द्या, सहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. श्वास रोखू नका. दोन आठवड्यांनी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं : पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, धड पुढे झुकवा, उठा, आणि बसताना तीन अंक मोजत सावकाश या. खुर्ची बुटकी असेल तर आधी उशी ठेवून उंची वाढवा. लोक इथेच घाई करतात आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखवून घेतात. गुडघे आत वळत असतील तर संख्या कमी करा.

किती चालेल याचं मोजमाप : व्यायामानंतरचं वाढलेलं दुखणं दोन तासांत मूळपदावर आलं तर प्रमाण बरोबर. दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं किंवा सूज वाढली तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद करू नका.

आमवातातही हेच, फक्त गरम सुजलेल्या सांध्याला जोर द्यायचा नाही. त्याला दिवसातून एक-दोनदा हलकेच पूर्ण फिरवायचं, बाकीचं शरीर चालू ठेवायचं.

चौकट

गाऊटवर दोन शब्द, कारण तिथे उपचार सर्वांत सोपा आणि तरी सर्वांत अर्धवट होतो. लक्ष्य : युरिक अ‍ॅसिड कायम ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, गाठी असतील तर त्या विरघळेपर्यंत ५ च्या खाली. ६.८ च्या आसपास स्फटिक बनू लागतात. झटका चालू असताना आकडा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. अ‍ॅलोप्युरिनॉल (युरिक अ‍ॅसिड उतरवणारं औषध) १०० मिलिग्रॅमपासून, मूत्रपिंड कमजोर असेल तर ५० पासून, दोन ते पाच आठवड्यांनी वाढवत न्यायचं. पहिल्या महिन्यांत स्फटिक विरघळताना झटके येतातच. त्यासाठी कोल्चिसिनची लहान मात्रा तीन ते सहा महिने. झटका आला म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल थांबवणं ही नेहमीची चूक. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत.

रक्तदाबासाठी थायझाइड (लघवी वाढवणारी गोळी) असेल तर डॉक्टरांना विचारा : ते युरिक अ‍ॅसिड वाढवतं, लोसार्टन थोडं कमी करतं.

शमीवृक्ष

आहाराचं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ रोज सुमारे ३ ग्रॅम, तीन महिने घेतलं तर आमवातात वेदनाशामकांची गरज काहीशी कमी होते. तीन ग्रॅम हे ईपीए आणि डीएचए (ओमेगा-३ चे दोन प्रकार) मिळून, कॅप्सूलचं वजन नव्हे. डबीच्या मागची ओळ वाचा. मुख्य औषधाची जागा ते घेत नाही.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. लसींचं राहिलं : फ्लू, न्यूमोकोकस आणि नागिणीची रिकॉम्बिनंट लस या चालतात. फ्लूची लस घेतल्यावर आजार शांत असेल तर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवतात, प्रतिसाद चांगला येतो. जिवंत लसी जैविक औषधं (टीएनएफ किंवा इंटरल्यूकिन अडवणाऱ्यांसारखी) चालू असताना नाहीत. टीएनएफ अडवणारं औषध सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी चुकवू नका. झोपलेला क्षय जागा होतो.

तिसरा_प्रहर

आणि टोसिलिझुमॅबवर असलेल्यांसाठी : हे औषध इंटरल्यूकिन-६ अडवतं, म्हणून न्यूमोनिया झाला तरी सीआरपी शून्याजवळ राहू शकतो, तापही कमी चढतो. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांना औषधाचं नाव आधी सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला, त्यावर भार देता येत नाही, तर त्याला आमवाताचा उठाव समजून घरी स्टिरॉइड वाढवू नका. सांध्यात पू असू शकतो. त्याच दिवशी सुईने पाणी काढून तपासावं लागतं, आणि शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी.